लिटचार्ट्स, स्पार्कनोट्स, क्लिफ्सनोट्स: अमेरिकन कादंबरीच्या अभ्यासाला कशाचा किती आधार घ्यावा

एम.ए. इंग्रजीला अमेरिकन साहित्याचा पेपर घेतलेला नांदेडचा विद्यार्थी असो की न्यू जर्सीतल्या हायस्कुलात शिकणारी मराठी घरातली मुलगी, 'द ग्रेट गॅट्सबी'वर निबंध लिहायची वेळ आली की दोघंही लिटचार्ट्स, स्पार्कनोट्स आणि क्लिफ्सनोट्स या, पुस्तकांचे सारांश आणि विश्लेषण देणाऱ्या तीन संकेतस्थळांवर पोचतात. तिथून जे उत्तर तयार होतं तेही जवळपास सारखंच असतं: हिरवा दिवा म्हणजे आशा, जाहिरातीतले डोळे म्हणजे देव, आणि कादंबरी म्हणजे 'अमेरिकन ड्रीम'चा ऱ्हास. यातलं काहीही धडधडीत चूक नाही. तरीही अशा उत्तराला मध्यमच गुण मिळतात, आणि ते योग्यही आहे.

स्पार्कनोट्स, लिटचार्ट्स आणि क्लिफ्सनोट्स या तिन्ही सेवा इथे तीन कादंबऱ्यांच्या आधारे तपासल्या आहेत: नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' (१८५०), मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' (इंग्लंडमध्ये १८८४, अमेरिकेत १८८५) आणि एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५). मत आधीच सांगून टाकते. या मार्गदर्शकांत ढळढळीत चुका फार कमी आहेत. नुकसान होतं ते दुसऱ्याच जागी. या तिन्ही कादंबऱ्यांमध्ये पात्रंच एखाद्या खुणेचा अर्थ लावत असतात. मार्गदर्शकात तो अर्थ कादंबरीचा म्हणून येतो आणि विद्यार्थ्याच्या वहीत तो लेखकाचा होऊन बसतो. कोण म्हणालं, कुणाला, कोणत्या अवस्थेत, हे वाटेत गळून जातं.

आधी या सेवांची घराणी बघू, कारण त्यांच्यावर किती विसंबायचं हे त्यावरही ठरतं. क्लिफ्सनोट्स सगळ्यांत जुनी. १९५८ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात क्लिफ्टन हिलेगास यांनी शेक्सपिअरच्या १६ नाटकांवरच्या पुस्तिकांपासून ती सुरू केली; काळ्या-पिवळ्या मुखपृष्ठाच्या त्या पुस्तिका अमेरिकेत अजून ओळखल्या जातात. स्पार्कनोट्स १९९९ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी काढलं. लिटचार्ट्स काढलं ते स्पार्कनोट्सच्याच सुरुवातीच्या संपादकांनी. पुढे २०२१ मध्ये लिटचार्ट्स आणि क्लिफ्सनोट्स एकाच कंपनीच्या मालकीचे झाले. म्हणून एखादा अर्थ तिन्हीकडे सापडला तर तीन स्वतंत्र समीक्षक त्यावर एकमत झाले, असं समजू नका. हे एकाच शाळेतलं, वर्गात पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलेलं वाचन आहे.

रोजच्या वापराला लिटचार्ट्सची मांडणी सर्वांत सोयीची. प्रकरणाचा सारांश एका बाजूला आणि त्या-त्या परिच्छेदाचं विश्लेषण शेजारीच दुसऱ्या बाजूला. प्रत्येक विश्लेषणाला रंगीत खुणा असतात, एका रंगाला एक थीम. एखादं आशयसूत्र कादंबरीत कुठे कुठे डोकावतं हे नुसती नजर फिरवून कळतं, आणि उजळणीच्या वेळी याचा खरंच उपयोग होतो. अवतरणांची सविस्तर स्पष्टीकरणं आणि पीडीएफ हा मुख्यतः पैसे भरणाऱ्यांसाठीचा भाग आहे. पदवीच्या परीक्षेसाठी तो घ्यायलाच हवा असं नाही. फुकट मिळणारा सारांश-विश्लेषणाचा भाग पुरतो. एक गोष्ट मात्र सांभाळा. अवतरणांपुढचे पृष्ठक्रमांक एका ठरावीक अमेरिकन आवृत्तीचे असतात. आपल्याकडच्या स्वस्त आवृत्तीत ते वाक्य भलत्याच पानावर सापडतं. ते पृष्ठक्रमांक उत्तरात किंवा प्रकल्पात तसेच उतरवले की मूळ पुस्तक उघडलेलंच नाही हे परीक्षकाला लगेच कळतं. पानाऐवजी प्रकरणाचा क्रमांक द्या: गॅट्सबीत ९, 'स्कार्लेट लेटर'मध्ये २४, हकमध्ये ४३ प्रकरणं आहेत.

रंगांच्या खुणांचा तोटाही तिथेच आहे. गॅट्सबीला लिटचार्ट्स चार सूत्रं देतं: विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला धुंद काळ, अमेरिकन ड्रीम, वर्ग (जुना पैसा, नवा पैसा, पैसाच नाही), आणि भूतकाळ-भविष्यकाळ. चारही बरोबर. पण पहिल्याच प्रकरणात जेवणाच्या टेबलावर टॉम ब्युकॅनन, म्हणजे गॅट्सबीच्या जुन्या प्रेयसीचा, डेझीचा, नवरा, गोऱ्या वंशाचं वर्चस्व धोक्यात आल्याचं सांगणाऱ्या एका पुस्तकाची तावातावाने वकिली करतो, आणि सातव्या प्रकरणात गॅट्सबीवर तोंडसुख घेताना बोलता बोलता गोऱ्या-काळ्यांच्या लग्नापर्यंत पोचतो. वंशाला स्वतंत्र रंग नाही, म्हणून हे प्रसंग विद्यार्थ्यांच्या उत्तरात जवळजवळ येतच नाहीत. टॉमला नुसता 'श्रीमंत, उद्धट नवरा' म्हणून मोकळं होतात. वास्तविक गॅट्सबीचा त्याला इतका राग का, हे त्या दोन प्रसंगांशिवाय नीट सांगता येत नाही: टॉमच्या डोक्यात पैसा, घराणं आणि रक्त एकमेकांपासून वेगळे नाहीत. तेव्हा लिटचार्ट्स वापरताना एखाद्या प्रसंगाला रंगच नसेल, किंवा तो कुठल्याच खणात नीट बसत नसेल, तर तिथे जास्त वेळ थांबा.

आता ते डोळे. दुसऱ्या प्रकरणात राखेच्या खोऱ्यावर डॉक्टर टी. जे. एकलबर्ग या डोळ्यांच्या डॉक्टरची जुनी, रंग उडालेली पाटी आहे. स्पार्कनोट्स सावधपणे म्हणतं की हे डोळे देवाचे असू शकतात, पण कादंबरी तसं स्पष्ट सांगत नाही. वाक्य चांगलं आहे. विद्यार्थी त्यातलं 'असू शकतात' गाळतो. खरा पुरावा आठव्या प्रकरणात आहे. जॉर्ज विल्सनची बायको मर्टल आदल्या संध्याकाळी गाडीखाली चिरडून मेली आहे, त्याने रात्र जागून काढली आहे, आणि पहाटे त्या पाटीकडे बघत तो म्हणतो की देवाला सगळं दिसतं. शेजारी बसलेला मिखाएलिस त्याला सांगतो की ती जाहिरात आहे. एकाच पानावर दोन वाचनं समोरासमोर ठेवली आहेत, आणि त्यातलं एक करणारा माणूस दुःखाने भान हरपलेला आहे. काही तासांतच तो चुकीच्या माणसाला, गॅट्सबीला, गोळी घालतो. म्हणजे पाटीत देव दिसणं आणि गुन्हेगार ठरवण्यात चूक होणं या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडतात. हे लिहिलं की उत्तराला धार येते. 'डोळे हे देवाचे प्रतीक आहे' एवढंच लिहिलं तर मिखाएलिस कादंबरीतून पुसला जातो.

कादंबरीचा निवेदक निक कॅरवे याच्या बाबतीत तिन्ही मार्गदर्शक कमी पडतात, आणि माझ्या दृष्टीने ही त्यांची सर्वांत मोठी उणीव आहे. स्पार्कनोट्सच्या पात्रयादीत निकचं वर्णन प्रामाणिक, सहिष्णू, चटकन मत न बनवणारा असं येतं. ही विशेषणं निकने स्वतःच स्वतःला दिलेली आहेत. पहिल्या प्रकरणात तो म्हणतो की आपण कुणाबद्दल घाईने मत बनवत नाही, आणि लगेच या सहनशीलतेलाही मर्यादा असल्याची कबुली देतो. तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस आपण भेटलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी एक आहोत असं तो जाहीर करतो. त्याच्या अगदी आधी गावाकडच्या एका मुलीला दर आठवड्याला प्रेमाची सही करून पत्रं धाडत असल्याचं त्यानेच सांगितलेलं असतं. पाचव्या प्रकरणात विवाहित डेझी आणि गॅट्सबी यांची भेट तो आपल्या घरी चहाच्या निमित्ताने घडवतो. मर्टलला चिरडणारी गाडी डेझी चालवत होती हे कळल्यावरही तो चौकशीत बोलत नाही, आणि नवव्या प्रकरणात टॉम भेटतो तेव्हाही गप्प राहतो. त्याच प्रकरणात निकशी जवळीक असलेली जॉर्डन त्याला तोंडावर सांगते की तू सरळ, प्रामाणिक माणूस आहेस असं मला वाटलं होतं, तुला मनातून त्याचाच अभिमान आहे असं वाटलं होतं. यावर निकचं उत्तर असं की आपण तीस वर्षांचे झालो आहोत, स्वतःशीच खोटं बोलून त्याला इभ्रत म्हणायचं वय पाच वर्षांपूर्वीच गेलं. निवेदकावर प्रश्न आला तर या पाच जागा पुरेशा आहेत. त्यातून निक खोटारडा ठरत नाही. त्याला गॅट्सबी थोर वाटतो तो का, आणि त्यासाठी तो काय काय झाकतो, हे मात्र दिसू लागतं.

'स्कार्लेट लेटर' ही व्यभिचाराची शिक्षा म्हणून छातीवर लाल 'ए' बाळगणाऱ्या हेस्टरची, तिच्या मुलीची, पर्लची, आणि मुलीचा बाप असल्याचं लपवणाऱ्या धर्मोपदेशक डिम्सडेलची गोष्ट. तिच्या बाबतीत स्पार्कनोट्सची सूत्र, पुनरावृत्त घटक आणि प्रतीक अशी तीन खणांची विभागणी उपयोगी पडते. लाल अक्षर, उल्का आणि पर्ल ही प्रतीकं, तर रात्र-दिवस किंवा गाव आणि रान हे पुन्हा पुन्हा येणारे घटक, हा फरक परीक्षेत नेमका विचारला जातो आणि स्पार्कनोट्स तो सोप्या शब्दांत समजावून देतं. पण 'ए म्हणजे व्यभिचार (ॲडल्टरी), पुढे ए म्हणजे सक्षम (एबल)' या ओळीवर बहुतेक उत्तरं थांबतात. कादंबरीत व्यभिचाराचा इंग्रजी शब्द कुठेही येत नाही. तेराव्या प्रकरणात 'सक्षम' हा अर्थ लावतात ते गावकरी, हेस्टर नव्हे. आणि त्याच प्रकरणात निवेदक म्हणतो की लाल अक्षराने आपलं काम केलेलं नाही. म्हणजे गाव माफीच्या वाटेवर असताना हेस्टरच्या मनात अधिक धाडसी, अधिक धोकादायक विचार चाललेले आहेत. बाराव्या प्रकरणात आकाशात उल्केमुळे उमटलेलं अक्षर डिम्सडेलला आपल्या पापाची खूण वाटतं. सकाळी चर्चचा सेवक तेच अक्षर वारलेल्या गव्हर्नर विन्थ्रॉपसाठी 'देवदूत' (एंजल) असं वाचतो. शेवटच्या प्रकरणात डिम्सडेलच्या छातीवर काय दिसलं याबद्दल निवेदक तीन-चार मतं देतो, काहींना तर काहीच दिसलं नाही, आणि निवड वाचकावर सोडतो.

प्रश्न 'अक्षराचा अर्थ कसा बदलतो' असा आला तर अर्थांची यादी लिहू नका. प्रत्येक अर्थापुढे तो कुणाचा आहे आणि त्याला तो का हवा आहे, ते लिहा. जाहीर शिक्षेच्या ओट्यावरचे तीन प्रसंग (प्रकरणं २-३, १२ आणि २३) हा त्यासाठी उत्तम सांगाडा आहे: पहिल्यात दिवसा तान्ह्या पर्लला घेऊन उभी हेस्टर, दुसऱ्यात रात्री लपून हेस्टर, पर्ल आणि डिम्सडेल, तिसऱ्यात दिवसा सगळ्यांसमोर तिघं. क्लिफ्सनोट्स आणि लिटचार्ट्स दोन्ही हे तीन प्रसंग दाखवून देतात.

पुस्तक विकत घेताना एक बघा: आरंभीचं 'द कस्टम-हाऊस' हे प्रकरण त्यात आहे ना. विद्यार्थी ते सोडतात, कारण मार्गदर्शकांत ते वेगळं पान असतं आणि कथानकात त्याची भर नसते. पण सेलमच्या जकात कचेरीत लाल कापडाचं ते अक्षर सापडल्याचा, त्याची प्रत्येक भुजा बरोबर सव्वातीन इंच असल्याचा दावा तिथेच आहे. पुढे अर्थ सारखे बदलत राहणार असलेली खूण निवेदक पट्टीने मोजून आपल्यापुढे ठेवतो. एवढ्या निरीक्षणावरही एक परिच्छेद उभा राहतो.

हकलबरी फिनकडे येऊ. इथे मार्गदर्शकांचा पहिला मोठा उपयोग भूगोलाचा. पळून चाललेला गुलाम दक्षिणेकडे, म्हणजे गुलामगिरीच्या पोटातच, का जातो, हा प्रश्न आपल्याकडच्या वाचकाला हटकून पडतो. जिमचा बेत केरो गावापाशी ओहायो नदीला लागून मुक्त राज्यांकडे जायचा असतो. पंधराव्या-सोळाव्या प्रकरणांत धुक्यात ते केरो मागे टाकतात. तिन्ही मार्गदर्शकांत हे नीट समजावलेलं आहे. ट्वेनने बोलीभाषेत लिहिलेला भाग पहिल्यांदा वाचताना सारांश शेजारी ठेवायलाही माझी काहीच हरकत नाही.

अडचण येते एकतिसाव्या प्रकरणात. जिम कुठे आहे हे कळवणारं, त्याच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, लिहिलेलं पत्र हक फाडतो आणि ठरवतो की नरकात जावं लागलं तरी चालेल. इथे विद्यार्थी हमखास लिहितात: हक वंशवादावर मात करतो. मार्गदर्शकांतल्या 'नैतिक शिक्षण' या सूत्राखाली हा प्रसंग ठेवला की असं वाटणं साहजिक आहे. पण हकचा सदसद्विवेक त्या क्षणी गुलाम परत करायच्या बाजूने बोलतोय, कारण तो विवेक गावाने, चर्चने, मिस वॉटसनने घडवलेला आहे. गुलामगिरी वाईट आहे असं हक कुठेच म्हणत नाही. आपण पाप करतोय असं त्याला मनापासून वाटतं, आणि तरी तो ते करतो. पुढच्याच, बत्तिसाव्या प्रकरणात हक बोटीच्या स्फोटाची थाप मारतो तेव्हा सॅली मावशी (ती हकचा मित्र टॉम सॉयर याची मावशी) विचारते, कुणाला लागलं का? हक म्हणतो, नाही, एक काळा माणूस मेला. तीही हायसं वाटल्यासारखं बोलते. प्रकरण ३१ आणि ३२ शेजारी ठेवून लिहिलेलं उत्तर आणि फक्त ३१ वर थांबलेलं उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मराठी विद्यार्थ्याकडे इथे एक आधार आहे जो या तिन्ही सेवांत सापडणार नाही. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ती त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी दाखवलेल्या त्यागाबद्दल. तिच्यानंतर अकरा वर्षांनी ट्वेनची कादंबरी आली, आणि तिच्यातला मुलगा मुक्तीला पाप समजतो. शिकवलेला धर्म माणसाच्या आत कसा बोलतो हा दोन्ही पुस्तकांचा विषय आहे. तौलनिक साहित्याच्या प्रकल्पासाठी याहून जवळचं उदाहरण शोधायची गरज नाही.

शेवटची प्रकरणं हा हकबाबतचा सर्वांत जुना वाद. फेल्प्सच्या, म्हणजे सॅली मावशीच्या, शेतावर टॉम सॉयर येतो, जिमच्या सुटकेचं लांबलचक नाटक रचतो, आणि जिम मालकिणीच्या मृत्युपत्राने आधीच मुक्त झालाय हे त्याला पहिल्यापासून माहीत असतं. हेमिंग्वेने १९३५ मध्ये लिहिलं की जिमला पळवून नेतात तिथेच वाचकाने थांबावं. लायोनेल ट्रिलिंग आणि टी. एस. एलियट या समीक्षकांनी शेवटाची बाजू घेतली, आणि समीक्षक लिओ मार्क्सने १९५३ मध्ये दोघांनाही उत्तर दिलं. मार्गदर्शकांत या वादाचा निष्कर्ष कळतो, युक्तिवाद कळत नाही. एम.ए.च्या पातळीवर तेवढ्यावर भागत नाही. त्यासाठी नॉर्टन क्रिटिकल आवृत्ती घ्या किंवा ग्रंथालयातून आणा: टिपांसह मूळ पाठ, त्या काळातली कागदपत्रं आणि निवडक समीक्षालेख एकत्र मिळतात. तीन मार्गदर्शकांवर खर्च करण्यापेक्षा हा खर्च कितीतरी सार्थकी लागतो.

वापरायची रीत. आधी मूळ प्रकरण वाचा. तिन्ही कादंबऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर कायदेशीर आणि फुकट आहेत. मग वहीत तीनच ओळी: या प्रकरणात अर्थ लावणारं पात्र कोणतं, त्याला तेव्हा काय हवं होतं, आणि त्याच्या विरोधात जाणारा तपशील कोणता. त्यानंतर मार्गदर्शक उघडा आणि आपल्या ओळींत जे नाही तेवढंच उतरवून घ्या. क्रम उलटा केला, म्हणजे मार्गदर्शक आधी वाचला, तर डोळे फक्त त्याला दुजोरा देणारी वाक्यं शोधतात आणि मिखाएलिससारखी माणसं नजरेतून सुटतात. उत्तर लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तपासा: कादंबरीचं नाव बदलून ते दुसऱ्या कुठल्याही कादंबरीला लागू पडत असेल, तर ते वाक्य काढा.

अमेरिकेत एपी लिटरेचर (हायस्कुलातली महाविद्यालयीन पातळीची साहित्याची परीक्षा) देणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी थोडं वेगळं. तिथल्या प्रत्येक निबंधाला ६ गुण असतात: मुख्य विधानाला १, पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला ४, विचाराच्या सखोलतेला १. तिसऱ्या प्रश्नात कलाकृती मुलांनी निवडायची असते आणि नुसतं कथानक सांगू नये अशी सूचना छापलेली असते. मार्गदर्शक पाठ करून पहिला गुण मिळतो. पुढचे चार मिळवायला प्रकरणातला नेमका प्रसंग आठवावा लागतो, कारण परीक्षेत पुस्तक जवळ नसतं. म्हणून एकाच कादंबरीतले आठ-दहा प्रसंग कोण, कुठे, काय म्हणालं यासकट तयार ठेवणं हे पाच कादंबऱ्यांचे सारांश वाचण्यापेक्षा जास्त कामाचं.

नेट-सेटच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांसाठी हिशेब उलटा होतो. तिथे पात्रांची नावं, प्रकाशनवर्षं, कोणता प्रसंग कोणत्या कादंबरीत, हेच विचारतात, आणि त्यासाठी स्पार्कनोट्सची पात्रयादी व सारांश हे सर्वांत वेगवान साधन आहे. क्लिफ्सनोट्समधला प्रकरणागणिक शब्दार्थ हॉथॉर्नच्या जुन्या इंग्रजीसाठी उपयोगी पडतो. त्यापलीकडे त्याच्याकडे वळायचं फारसं कारण दिसत नाही. निबंधासाठी लिटचार्ट्स, पण वाचनानंतर. पैसे भरायचेच असतील तर एका सत्रापुरते भरा, आणि त्याआधी गॅट्सबीचं आठवं प्रकरण मूळ पुस्तकातून वाचून घ्या.